शाईचा ठिपका

नाही अर्जुनराव, ते नाही होनार माह्यानं. शाई लावून देत नाही मी. — हाव, समजलं मले, एका ठिपक्याचं तर काम आहे, बुरूश टेकवला का झालं — मले शिकवता का तुमी? तीस साल झाले नांदुऱ्यात हे दुकान चालवून राह्यलो, रहेमतुल्ला फोटोवाला कुठं बसते म्हनलं तर टेसनापासून कोनीबी हात करून दाखवते, अन् माह्याच दुकानात येऊन तुमी मले ठिपका लावाचं शिकवता. बसा. अगोदर बसा तर खरं. पोट्टी झोपली ना खांद्यावर? झोपू द्या. दमनीचे बैल सोडले ना? मंग कायची घाई आहे, वडनेर कुठं पळून नाही चाललं. बाजार उठाले अजून टाइम आहे. बसा.

हा धरा फोटो. असा नाही, दाराकडं करा, उजेडात. तुमचीच ओसरी आहे, ह्या गोदीच्या जावळाच्या दिवशीची. मधात पाटावर तुमची बुढी माय, रुखमाबाई — लुगडं पाहा कसं चापूनचोपून बसली, जशी काई तिचंच जावळ होतं. मांडीवर गोदी, चकोट करून टोपरं घातलेली. मांगं तुमी अन् पुष्पाबाई. अन् पायापाशी हा तुमचा खंड्या. त्याले कोनी बोलावलं नव्हतं, तरी येऊन बसला चौकटीत. कुत्र्याले फोटोचा लय शौक राहते, मी पाह्यलेलं आहे.

आता डोळे पाहा. ह्या धंद्यात सारं डोळ्यात आहे. नाक वाकडं आलं तर गिऱ्हाईक म्हनते, जाऊ द्या, माहं नाकच तसं आहे. पन डोळा बिघडला का फोटो गेला. अन् हा जो नवा दिवा आहे ना — लढाई सरली तवा छावनीतला माल लिलावात निघाला, त्यात हा कॅमेरा भेटला मले, कोन्या सायबाचा, बाजूले चकचकीत थाळी अन् थाळीत काचेचा दिवा, एकदा पेटला का संपला — ह्या दिव्याची एक वाईट खोड आहे. तो कॅमेऱ्याले चिकटून बसते. अन् चिकटून बसला का फोटोत डोळे पांढरे येते. काऊन? सांगतो. टार्च घेऊन वावरात जागलीले गेले असान ना तुमी? कोल्ह्याच्या तोंडावर मारली का दोन डोळे कसे चमकते? तेच हे. डोळ्याच्या मधात जी काळी बाहुली असते, तिच्यातून उजेड आत शिरते, मांगच्या पडद्याले लागते अन् आल्या वाटेनं वापस येते. त्या वाटेवर आपला कॅमेरा उभा. तो धरते त्याले. मानसाचा आतला पडदा लाल असते म्हनते, रगताचा — पन आपल्या फोटोत लाल कुठून येनार बाप्पा, आपल्या फोटोत तो येते पांढुरका, भुतावानी.

म्हून मी काय केलं? पयले तर दिवा कॅमेऱ्यावरून काढला. वायर लांब केली अन् हात उचलून बाजूले धरतो, डोक्याच्या वर. उजेड आडवा गेला का आडवाच वापस जाते, कॅमेऱ्याच्या काचेत येत नाही. दुसरं म्हनजे — अंधारात बाहुली पसरते, केवढाली होते, सताड उघड्या दारावानी. म्हून तर तुमच्या ओसरीत दोन कंदील सगळ्याच्या तोंडापुढं धरले होते, पाच मिनिटं. बुढी चिडली होती, म्हने, काऊन रे, आरती ओवाळतं का माही? ओवाळत नव्हतो, बाहुल्या बारीक करत होतो. अन् तिसरं — काचेत पाहू नका, माह्या हाताकडं पाहा. मानूस ऐकते. जनावर कुठं ऐकते? कुत्र्याले बाजूले भाकरीचा तुकडा दाखवा लागते, मांजरीपुढं दोरा हालवा लागते, अन् बकरी — बकरीचं तर नाव काढू नका, बकरी नेमकी काचेतच पाहाते, तिले तिथं काय दिसते खुदा जाने. खंड्यालेबी मी तुकडा दाखवला होता. पन ऐन टायमाले तुमी त्याले नावानं हाक मारली, त्यानं मान फिरवली, म्हून त्याचे चमकले. पाहा कसे चमकले, चवलीवानी. दोन्ही. दोन्ही चमकले ना? एवढं ध्यानात ठेवा.

बुढीचे पाहा आता. काळे आले. पुष्पाबाईचे काळे. तुमचे — तुमी जरासे मिटलेच होते, पन जे दिसते ते काळे. गोदीचा डावा? काळा, चांगला टपोरा. अन् उजवा? — खिडकीबाहेर कायले पाहाता अर्जुनराव, फोटोत पाहा. नखाएवढं तोंड अन् त्यात मोहरीएवढा पांढरा दाना.

हाव, दिव्याचीच चूक असन, म्हना. मीबी तेच म्हनलो पयल्या दिवशी. लाल कंदिलाखाली फोटोची काच धुतली, कागद काढला, पाह्यलं, अन् म्हनलो, चुकलं रहेमतुल्ला, हात खाली आला असन तुहा. पन एकच बुढी, एकच मांडी, एकच उजेड, अन् पोट्टीच्या एका डोळ्यात पांढरं अन् दुसऱ्यात नाही? दिवा काय पंगतीत वाढते का, ह्याले देतो अन् त्याले देत नाही? चूक दिव्याची असती तर खंड्यावानी दोन्ही आले असते. एकच आला म्हनजे — म्हनजे मी डाक्टर नाही. मी काई म्हनत नाही. मी फकस्त म्हनतो का शाई लावनार नाही.

तीन बाजार झाले, तुमी येता अन् मी म्हनतो कागद संपला, बंबईहून आला नाही. कागद संपला नव्हता. हा पाहा, गठ्ठा पडला आहे. खोटं बोललो मी तुमाले. काऊन बोललो? — कारन भेव वाटलं. तुमाले काय सांगाव हे सुचेना, अन् न सांगता फोटो देववेना. आज सकाळी तर दुकान उघडलं, कोनी नव्हतं, अन् मी — पाहा, सांगाचं नव्हतं हे — मी शाई घोटली, बुरूश ओला केला अन् एका कागदावर गोदीचा डोळा भरला. मस्त जमला. हात अजून चांगला आहे माहा. ह्या खनात पडला आहे तो. नका, हात नका घालू खनात. तो देत नाही मी. तो फोटो नाही, ते पाप आहे.

माहीत आहे मले कोनाले पाठवाचा आहे. तुमच्या बहिनीले, हिवऱ्याले. अन्नपूर्णाबाईनं पोट्टीच्या बारशालेच शब्द दिला, माह्या पोरासाठी भावाचीच पोरगी करीन, दुसरी पाहानार नाही — तुमीच सांगतलं मले, तथी कंदील धरून उभे होते तवा. लय खुशीत सांगतलं. अन् आता वाटते, आत्यानं हा फोटो पाह्यला, तर शब्द फिरवन. फिरवन ना? असन फिरवत. एका डोळ्याची सून कोन करते, खरं आहे तुमचं. पन मले सांगा, गोदी चौदा महिन्याची आहे. लग्नाले चौदा साल आहे. तोपर्यंत पोट्टी राह्यली पायजे का नको?

नाही, नाही, रागावू नका. अभद्र बोललो, हाव, बोललो. तोंडातून गेलं. पानी घ्या. घागरीतलं आहे, थंडगार आहे — बाटते का तुमाले माह्या घरचं? बरं, नका घेऊ, बाजूच्या हाटेलातून मागवतो. नको? बरं.

कसं आहे, मले एक माहीत होते. एक लोक. तुमच्यावानीच. त्याईची एक पोट्टी होती, दोन सालाची, गोदीपक्षा थोडीशी मोठी. चुनचुनीत. त्याईनं ईदीले नवा कुर्ता शिवला अन् फोटो काढला. पानीपावसाचे दिवस, दुपारीच घरात अंधार, तवा हा दिवा नव्हता, पत्र्याच्या तबकात भुकटी पेटवा लागे, भसकन उजेड होये अन् घरभर धूर. खोली लहान, फोटोवाल्यानं तबक कॅमेऱ्याच्या जवळच धरलं, दुसरी जागाच नव्हती. अन् पोट्टीचा एक डोळा पांढरा आला. असाच. तर फोटोवाला हासला. म्हने, माही चूक, तबक जवळ होतं. अन् त्या घरातली बाई, पोट्टीची माय, म्हनाले लागली, नाही, मी पाह्यलं आहे, चुलीपुढं बसली अन् मान तिरपी केली का तिच्या त्या डोळ्यात मांजरीवानी काईतरी हालते. तर हा म्हनते, तुले काय समजते उजेडातलं? तू आपली भाकरी थाप. अन् चांदबी म्हने —

कोन चांदबी म्हनता?

चांदबी. माही बायको.

आता निघालं तोंडातून तर निघालं. हाव. माहीच होती. अमीना नाव होतं. फोटोवाला मीच, अन् बापबी मीच. तुमाले वाटलं असन ह्या मानसाले पोरबाळ नाही. नव्हतंच, बारा साल नव्हतं, दर्ग्यावर चादर चढवली तवा झाली होती ती.

मी काय केलं ऐका. मी शाई तर लावलीच, पन तेवढ्यानं माहं समाधान झालं नाही. काचेवर सारं उलटं राहते, पांढरं असते ते काळं दिसते, तर त्या काचेवर अमीनाच्या डोळ्यात एक काळा ठिपका होता. तो मी पात्यानं खरवडून टाकला. भिंगातून पाहून, श्वास धरून. का पुढं कितीबी कागद काढले तरी डोळा साफच आला पायजे. अन् चांदबीले दाखवलं, घे, झाली का नाही तुही मांजर बरी? हासून म्हनलो मी. हासून!  फोटो मी भिंतीवर लावला. येनारे-जानारे म्हनत, वा रहेमतभाई, काय डोळे आले पोट्टीचे.

दहा महिन्यानं डोळा लाल झाला. हकिमानं गुलाबपानी दिलं. मंग सुजला. मंग बाहेर याले लागला, तुमाले नाही सांगत कसा. तवा नागपूरले नेलं, मोठ्या दवाखान्यात. डाक्टरनं पाह्यलं, बत्ती मारली, अन् मले इचारलं, हे पांढरं पयल्यानं कधी दिसलं? अन् मी म्हनलो, कधीच नाही सायेब. आत्ताच, हप्ताभरात. — खोटं बोललो. अमीना मांडीवर होती. चांदबी बाजूले उभी होती, तिनं ऐकलं. मी तिच्याकडं पाह्यलं नाही. डाक्टर म्हने, आदल्या साली आनलं असतं तर मी डोळा काढून टाकला असता. डोळा गेला असता, लेकरू वाचलं असतं. आता आत गेलं आहे, मेंदूत. आता घरी न्या.

एका सालाची गोष्ट होती अर्जुनराव. एक साल मी तिले भिंतीवर टांगून ठेवली.

चांदबी मले कधी काई बोलली नाही. नऊ साल झाले, एक शब्द नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. फकस्त एकदा, अमीनाले माती दिल्यावर, चाळीसवा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी घरात गेलो तर ती भिंतीवरून फोटो काढून बसली होती अन् पदराचं टोक ओलं करून तो डोळा पुसून राह्यली होती. शाई काढत होती. हळूहळू, जसं लेकराचं नाक पुसते. मी म्हनलो, काय करतं? तर म्हने, मले माही पोरगी जशी होती तशी पाह्यची आहे. — आता कागद तो, ओला झाला अन् फाटला. डोळ्याच्या जागी भोक पडलं. काचेवरून दुसरा काढून द्याव म्हनलं, तर काच मीच खरवडली. कुठून आनू? तिच्या पेटीत आहे अजून तो, भोकाचा. मले दिसू देत नाही.

तवापासून मी अगोदर ते तबक, अन् आता हा दिवा दूर धरतो. लोकं म्हनते रहेमतुल्लाच्या फोटोत डोळे कधी चमकत नाही, काय हात आहे मानसाचा. हात नाही. भेव आहे. मी हे सारं, कंदील अन् वायर अन् भाकरीचा तुकडा, हे सारं अशासाठी करतो का दिव्याची चूक राहूच नये. म्हनजे मंग त्याच्यावरबी जर कोनाच्या डोळ्यात पांढरं आलं, तर मले म्हनता येऊ नये का दिव्यानं केलं. नऊ साल कोनाच्या आलं नाही. मले वाटे, सुटलो. अन् तुमची गोदी आली.

उठले? कुठं चालले? — खामगावले? हाव, तथचा फोटोवाला देईन लावून. चांगला कारागीर आहे, माह्यापक्षा चांगला ठिपका लावते. त्याले काय माहीत, त्याले सांगान दिव्यानं झालं, तो म्हनन बरं. जा. पन ह्या फोटोले काय कराचं ते करा, एक मिनिट त्या पोट्टीले माह्यापुढं बसवा. जागी झाली पाहा, टुकूटुकू पाहून राह्यली. ये वो माय, ये. भेऊ नको, दाढीले हात लाव, लाव, वढ. अशी. बसा अर्जुनराव, तुमच्याच मांडीवर बसवा, मी हात लावत नाही. ह्या माह्या चाब्या. पाहा कशी धरते, खुळखुळ, खुळखुळ. हासली.

आता तुमी तुमचा तळहात तिच्या उजव्या डोळ्यावर ठेवा. दाबू नका, नुसता आडवा धरा. — पाह्यलं? काई नाही. चाबीकडंच पाहाते. हात पसरते. तिले वाटतबी नाही का डोळ्यावर काई आहे.

आता काढा. आता डाव्यावर ठेवा.

ठेवा ना. चांगल्यावर ठेवा.

रडू द्या. हात काढू नका अजून, पाहा, तुमीच पाहा, कशी ढकलते तुमचा हात, मान कशी फिरवते. चाब्या तिच्या नाकापुढं वाजवून राह्यलो मी अन् ती भलतीकडंच हात करते. — काढा. काढा आता. घ्या तिले पोटाशी.

डाक्टरनं असंच केलं होतं. अशीच रडली होती.

अर्जुनराव, बोलू नका. बुढीले इचारतो म्हनू नका, पुष्पाबाईले इचारतो म्हनू नका, आत्याचं तर नावच नका काढू. तीनची पिसिंजर आहे, सकाळी नागपूर. बैलाले मी पानी दाखवतो, दमनी कोन्या वडनेरवाल्याच्या हाती पाठवतो, घरी निरोप देतो. हा फोटो घ्या, असाच, पांढऱ्या डोळ्याचा, डाक्टरच्या हातात द्या अन् तारीख सांगा — जावळाचा दिवस, खरी तारीख. तो म्हनन डोळा काढा लागते. हो म्हना. तुमाले भोवळ येईन, तरी हो म्हना. डोळा जाईन, पोट्टी राहीन.

काय पाहून राह्यले माह्या तोंडाकडं? पोट्टीले उचला. टोपरं बांधा तिचं, गाडीत हवा लागते. जा. — अर्जुनराव, जा म्हनतो ना.

जा ना बे!